पाझर तलावाची खोली आणि गाळ, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मोजताना (प्रकल्प नोंदी, तासगाव तालुका)

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

गावच्या पाझर तलावातला गाळ यंदा काढायचाच असं ग्रामसभेत ठरलं, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेतनं प्रस्ताव द्यायचा. मग पहिला प्रश्न, गाळ आहे तरी किती? तलाव १९७२ च्या दुष्काळातल्या कामावरचा. एक आण्णा म्हणाले धा फूट असंल, मागनं कोणतरी म्हणालं तीन फुटाच्या वर न्हाई, आणि दोघंही त्याच तळ्यात पोहायला शिकलेले. कागद कुणाकडंच नाही. अंदाजावर पोकलेन उतरवायचं म्हणजे डिझेल आणि पैसे तर जातातच पण जास्त खोल उकरलं आणि ते बांधाच्या जवळ असलं तर पावसाळ्यात बांधालाच धोका, म्हणून मी म्हणलं मोजू आपण, नीट मोजू, काढायच्या आधी आणि काढल्यावर. सरपंचबाई लगेच हो म्हणाल्या, शाळेचे सर आणि नववी-दहावीची पाच-सहा पोरं पण तयार झाली. या नोंदी त्याच्यासाठी, म्हणजे दुसऱ्या गावाला करायचं झालं तर उपयोग होईल.

तत्त्व सोपं आहे. पाण्यात वरून खाली आवाजाचा एक छोटा ठोका सोडायचा, तो तळाला आपटून परत येतो, गेल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा, पाण्यातल्या आवाजाच्या वेगाने गुणायचं आणि दोनाने भागायचं कारण आवाज जाऊन येऊन दोनदा चाललाय. गोड्या पाण्यात २० अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १४८२ मीटर, हवेत तोच ३४३. म्हणजे ३ मीटर पाण्यात आवाज जाऊन यायला ४ मिलिसेकंद लागतात. हे हाताने मोजण्यासारखं नाही पण आजकालच्या साध्या बोर्डाला ४ मिलिसेकंद म्हणजे भरपूर वेळ.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सामान जमवलं. मिरजेच्या दुकानात ईएसपी३२ बोर्ड (छोटा संगणकच), मेमरी कार्डाचं मॉड्यूल, डीएस१८बी२० तापमान सेन्सर मिळाले. फिश फाइंडरचा (मासे शोधायच्या यंत्राचा) २०० किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा आणि परत आलेला ऐकणारा भाग, आणि त्याला चालवणारी टीयूएसएस४४७० चिपवाली पाटी ऑनलाइन मागवली. ही चिप मला आवडली कारण ती ट्रान्सड्यूसरला ठोका पण देते आणि परत आलेला बारीक आवाज लॉग अँप्लिफायरने वाढवून पण देते, लॉग असल्यामुळं जोरातला आवाज आणि अगदी क्षीण आवाज दोन्ही एकाच पट्टीवर दिसतात.

पोरांनी विचारलं की पाण्याच्या टाकीवर बसवतात तो जेएसएन-एसआर०४टी सेन्सर स्वस्त आहे, वॉटरप्रूफ पण आहे, तो का नको. प्रश्न बरोबर आहे म्हणून त्यांना तो २०० लिटरच्या बॅरलमध्ये बुडवून दाखवला. आकडे नुसते उड्या मारतात. वॉटरप्रूफ म्हणजे पाणी आत जात नाही एवढंच, तो बनवलाय हवेसाठी, ४० किलोहर्ट्झवर हवेत थरथरायला, पाण्यात त्याच्या तोंडावर पाण्याचं वजन येतं आणि त्याची स्वतःची कंपनं बदलतात. शिवाय त्याच्या आतल्या हिशोबात आवाजाचा वेग हवेचा धरलेला आहे आणि ठोका दिल्यावर पहिले २०-२५ सेंटिमीटर तो बहिराच असतो, तेवढ्याच वेळात पाण्यातला आवाज जवळजवळ एक मीटरचं अंतर जाऊन येतो. म्हणजे बॅरलचा तळ त्याला ऐकूच यायचा नाही. पण हा सेन्सर टाकून द्यायचा नाही, पाण्याच्या वर टांगून पाण्याची पातळी मोजायला तो लागणार आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

२०० किलोहर्ट्झवाला आला. बॅरलमध्ये ८० सेंटिमीटर पाणी भरून लावला आणि स्क्रीनवर फक्त खोलीचा आकडा न दाखवता परत आलेल्या आवाजाची पूर्ण रेघ काढली. दर १० मायक्रोसेकंदाला एक नमुना घेतोय, म्हणजे पाण्यात साडेसात मिलिमीटरला एक टिंब पडतंय.

रेघेत काय दिसतं ते लिहून ठेवतो कारण पुढं सगळं यावरच आहे. सुरवातीला मोठा डोंगर, तो परत आलेला आवाज नाहीच, ठोका दिल्यावर ट्रान्सड्यूसर स्वतःच थोडा वेळ वाजत राहतो त्याचा आहे. हा अर्धा मिलिसेकंद चालतो, म्हणजे वरचं ३५-४० सेंटिमीटर पाणी आपल्याला वाचता येणार नाही, कडेचं उथळ पाणी काठीनेच मोजायचं. मग ८० सेंटिमीटरला तळाचा उंचवटा. आणि मग गंमत म्हणजे १६० ला अजून एक, २४० ला अजून एक, एकापेक्षा एक लहान. बॅरल तर ८० चंच! पोरांना दोन मिनिटं विचार करू दिला, एका पोरीने बरोबर सांगितलं, तळावरनं आलेला आवाज पाण्याच्या वरच्या अंगाला आपटून परत खाली जातोय. पाणी आणि हवा यांच्या ध्वनी-अडथळ्यात (घनता गुणिले आवाजाचा वेग) साधारण ३६०० पटीचा फरक आहे त्यामुळं पाण्यातून वर आलेला आवाज हवेत जवळजवळ जातच नाही, सगळा परत फिरतो. पाण्याचा वरचा पृष्ठभाग आवाजाला आरसाच असतो.

याच कारणामुळं ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर हवेचा पातळ थर किंवा बारीक बुडबुडे चिकटलेले असतील तर आवाज बाहेरच पडत नाही. कोरडा ट्रान्सड्यूसर तसाच बुडवला तर असे बुडबुडे असतातच, साध्या डोळ्याने नीट दिसत पण नाहीत. उपाय साधा, बोटाला साबणाचं पाणी लावून तोंड चोळायचं आणि मग बुडवायचं. चोळायच्या आधीची आणि नंतरची रेघ शेजारी ठेवून बघितली, तळाचा उंचवटा दुप्पट झाला. हे यादीत सगळ्यात वर लिहून ठेवलंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

बॅरल लहान आहे, खरं माप विहिरीत घेतलं. मामांच्या मळ्यातली विहीर, पाणी भरपूर. मोजणीवाले ज्याला बार चेक म्हणतात तेच केलं, एक जाड लोखंडी पत्रा दोन बाजूंनी न ताणणाऱ्या दोरीला बांधून ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली आधी १ मीटर, मग २, मग ३ वर सोडला. दोरीवर खुणा स्टीलच्या टेपने लावलेल्या. यंत्रात वेग १५०० धरून आकडे आले १.०५, २.०६ आणि ३.०६.

आता यातनं दोन वेगळ्या गोष्टी बाहेर काढता येतात. सगळीकडं पाच सेंटिमीटर जास्त येतंय ती कायमची वाढ, ती खोलीवर अवलंबून नाही. परत आलेला आवाज एकदम उभा चढत नाही, हळूहळू चढतो आणि आपण ठरवलेल्या उंचीला पोचेपर्यंत थोडा वेळ जातो, त्याची ती आहे, सरळ वजा करायची. आणि दुसरी म्हणजे खोलीबरोबर वाढणारी चूक, ती वेगाची. विहिरीचं पाणी २४ अंश होतं, तिथं वेग साधारण १४९४, आपण १५०० धरला, म्हणजे ३ मीटरला सेंटिमीटरभर फरक. नगण्य. पण २० अंशाला १४८२ आणि ३० अंशाला १५०९ असा वेग बदलतो, जवळजवळ पावणेदोन टक्के, ४ मीटर खोलीवर ७ सेंटिमीटर. हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यानंतर एकदा मोजून दोन्हीची वजाबाकी करायची असेल तर हे ७ सेंटिमीटर अख्ख्या तळ्यावर पसरतात आणि शेकडो घनमीटर खोटा गाळ तयार होतो. म्हणून तापमान सेन्सर ट्रान्सड्यूसरच्या शेजारीच पाण्यात बांधला, आणि कार्डावर प्रत्येक नोंदीबरोबर तापमान पण जातंय.

मामा विहिरीच्या कठड्यावर बसून सगळं बघत होते, म्हणाले "सव्वीस सालापास्नं ही हीर हाय, तळ कुणी बघितला न्हवता, पत्र्याच्या खालचं बी सांग की." पत्रा काढून तळाचं माप घेतलं, ८ मीटर ४० सेंटिमीटर पाणी. त्यांनी ते आत जाऊन कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

२ मार्च, रविवार

तळ्यावर पहिला दिवस. ट्रकच्या दोन ट्यूबांवर प्लाय बांधून तराफा केलाय, मासे धरणाऱ्या भोई काकांनी वल्हं मारायचं कबूल केलं आणि त्यांच्या हातात तराफा अगदी सरळ चालतो, आमच्या हातात तो गोल फिरतो. लाइफ जॅकेट सगळ्यांना, आणि पोरांना तराफ्यावर नाहीच, ती काठावर दोरी आणि वही सांभाळणार.

जीपीएस मॉड्यूल आहे आपल्याकडं पण त्याची चूक दोन-तीन मीटरची, आपलं तळं लहान, म्हणून दोरीच बरी. या काठापासून त्या काठापर्यंत नायलॉन दोरी ताणायची, दर ५ मीटरला लाल चिंधी, तराफा चिंधीजवळ थांबवायचा आणि नोंद घ्यायची. अशा रेघा दर २० मीटरला. रेघेच्या दोन्ही टोकांना काठावरच्या दगडावर ऑइलपेंटने नंबर टाकले म्हणजे परत मोजताना त्याच जागी दोरी येईल.

दोन गोष्टी प्रत्येक वेळी बघायच्याच. एक, ट्रान्सड्यूसर पाण्याखाली किती बुडालाय, आमचा १२ सेंटिमीटर, तो मापात मिळवायचा. दोन, आज पाण्याची पातळी किती आहे. हे लोक विसरतात आणि मग मापाला काही अर्थ राहत नाही. तळ्यातलं पाणी रोज उतरतंय, ऊन, पाझर, मोटारी. आज २ मीटर खोली मिळाली आणि पुढच्या महिन्यात १ मीटर ६०, म्हणजे ४० सेंटिमीटर गाळ आला का? नाही, पाणी उतरलं. म्हणून खोली नुसती खोली म्हणून लिहायचीच नाही, सांडव्याच्या माथ्यापासून तळ किती खाली आहे तेच लिहायचं. सांडव्याची माथा पातळी काँक्रीटची आहे, हलत नाही, तिथं शून्य. तिथनं पाण्यापर्यंत किती खाली ते पाइपच्या लेव्हलने काढलं आणि त्याच जागी जेएसएन सेन्सर एका अँगलला टांगला, तो दर पंधरा मिनिटाला पाण्याची पातळी लिहितोय.

बांधाच्या बाजूचं दगडी पिचिंग मोजताना आकडे कमी येतील हे धरून चाललोय. आवाज सुतळीसारखा सरळ खाली जात नाही, पसरत जातो, आपला ट्रान्सड्यूसर सुमारे २० अंशाचा, म्हणजे ३ मीटर खाली एक मीटरभर रुंदीचं वर्तुळ तो एकदम ऐकतो आणि त्यातला जो भाग सगळ्यात जवळ त्याचा आवाज आधी येतो. दोनास एक उतार असेल तर ३ मीटरला जवळजवळ २० सेंटिमीटर खोली कमी दाखवली जाते. पिचिंगच्या भागात काठी वापरणार.

९ मार्च, रविवार

आजची नोंद मोठी आहे कारण आज खरी गोष्ट हाताला लागली.

तळ्याच्या मधल्या रेघेवर, नाल्याच्या तोंडाकडं, आकडा कधी १.९० येतोय तर कधी २.७०. जागा तीच, तराफा बांधून ठेवलेला, पाणी संथ. नुसता आकडा दाखवणारं यंत्र असतं तर मी सरासरी काढून २.३० लिहिलं असतं आणि ते साफ खोटं झालं असतं. पूर्ण रेघ काढली म्हणून कळलं. १.९० ला एक बुटका, पसरट, गुळगुळीत उंचवटा आहे आणि २.७० ला दुसरा, अणकुचीदार. पहिला कधी आपण ठरवलेल्या उंचीच्या वर जातो कधी खाली राहतो, वर गेला की यंत्र म्हणतं १.९०, नाही गेला की म्हणतं २.७०. दोन्ही आकडे खरे आहेत! पहिला गाळाचा वरचा थर, दुसरा त्याच्या खालचा घट्ट तळ.

हे खात्रीने सांगता यावं म्हणून दोन काठ्या आणल्या होत्या. एका पाइपला खाली १५ सेंटिमीटरची गोल थाळी वेल्डिंग केलेली, ती हळू सोडली की मऊ गाळावर जाऊन बसते. दुसरी टोकदार सळई, तिच्यावर जोर दिला की गाळातनं खाली जाऊन मुरमाला ठेचते, ठेचल्याचं हाताला कळतं, खडक असेल तर टण्ण असा झटका मनगटापर्यंत येतो आणि मुरूम असेल तर खरखर करून थांबते. भोई काकांनी स्वतः सळई दाबली, म्हणाले "हितं वरचा हातभर निस्ता दह्यावानी हाय बघा, काठी आपसूक जातीया, मग चिकाट लागतंय." थाळी १.९५ ला बसली. सळई २.७४ ला थांबली. म्हणजे आवाजाने सांगितलेलं दोन्ही ठिकाणी पाच सेंटिमीटरच्या आत बरोबर.

असं का होतं, तर आवाज परत फिरतो तो दोन पदार्थांच्या घनतेत आणि त्यांच्यातल्या आवाजाच्या वेगात फरक असेल तिथं. नुकता बसलेला गाळ म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, त्यामुळं पाण्यातून गाळात जाताना आवाजाला फारसा फरक पडत नाही, थोडासाच परत येतो आणि बाकीचा आत शिरतो. आपल्याकडचा काळा बसाल्ट असेल तर आवाजाच्या दाबाचा ८० टक्क्यांच्या आसपासचा भाग तिथनंच परत फिरतो. आणि जिथं उघडा खडक आहे तिथं बॅरलमध्ये दिसला तसा दुप्पट खोलीवरचा दुसरा उंचवटा पण स्पष्ट येतो, गाळाच्या जागी तो जवळपास नसतोच. म्हणजे दुप्पट खोलीवरची ती नक्कल सुद्धा कामाची, तळ कठीण आहे का मऊ ते सांगते.

मोठ्या धरणांचा गाळ मोजताना याच कारणासाठी दोन वेगवेगळ्या कंपनसंख्येचे आवाज वापरतात, २०० किलोहर्ट्झच्या आसपासचा उंच आवाज गाळाच्या माथ्यावरनं परत येतो आणि २५-३० किलोहर्ट्झचा खालचा आवाज गाळात जास्त खोल जातो. आपल्या राज्यात नाशिकची मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) धरणांच्या गाळाचे असे सर्व्हे करते. आपल्याकडं एकच ट्रान्सड्यूसर आहे आणि गाळ मीटरभराचा आहे म्हणून दोन्ही उंचवटे एकाच रेघेत मिळतायत, जाड गाळाला हे चालणार नाही.

अजून एक बघितलं. नाल्याच्या तोंडाजवळ पालापाचोळा कुजतो तिथं गाळाच्या खालचं काहीच दिसत नाही, वरनंच भरभक्कम आवाज परत येतो. सळई घातली की बुडबुडे वर येतात आणि वास येतो. कुजलेल्या गाळात मिथेनचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात आणि हवेसारख्या कुठल्याही बुडबुड्यावरनं आवाज जोरात परततो, तेव्हा त्या भागात आवाजाचं ऐकून खडक आहे म्हणून सोडून दिलं तर सगळ्यात जास्त गाळाची जागाच सुटली असती. तिथं सळईच.

आजपासून नियम असा की प्रत्येक चिंधीजवळ आकडा नाही, पूर्ण रेघ साठवायची. आणि प्रत्येक तिसऱ्या चिंधीला दोन्ही काठ्या.

१६ मार्च, रविवार

तळ्यावर आज कोणीच येऊ शकलं नाही, द्राक्षांची तोड जोरात आहे आणि बेदाण्याची शेडं भरलीयत. मी सांगलीला कामाला गेलो होतो तर आयर्विन पुलावर थांबलो. १९२९ चा पूल, ४० फुटाला इशारा पातळी आणि ४५ फुटाला धोका पातळी, ही सांगलीत शाळेतल्या पोराला पण पाठ असते. २०१९ ला इथं पाणी ५७ फुटाच्या वर गेलं होतं.

पोरांनी विचारलं होतं की पुलावर आपला हवेतला सेन्सर लावला तर. त्याचं उत्तर इथं लिहितो. हवेत आवाजाचा वेग तापमानाने फार बदलतो, २० अंशाला ३४३ आणि ४० अंशाला ३५५. पुलापासून पाणी १० मीटर खाली असेल तर सकाळ-दुपारच्या एवढ्या फरकाने पाणी ३५ सेंटिमीटर वरखाली झाल्यासारखं दिसेल, म्हणजे फुटाच्या वर, आणि पुराच्या दिवसात सांगलीत एक फूट म्हणजे कुठल्या गल्लीत पाणी शिरणार याचा फरक आहे. म्हणून नदीच्या पुलांवर रडारचे सेन्सर लावतात, त्याच्या रेडिओ लहरींना हवेच्या गरमीने फरक पडत नाही. आपल्या सांडव्यावरच्या सेन्सरपासून पाणी दोन मीटरच्या आत आहे, तिथं तापमानाची दुरुस्ती केली की भागतं.

संध्याकाळी पोरांसाठी थोडा इतिहास काढून ठेवला. पाण्यातल्या आवाजाचा वेग पहिल्यांदा नीट मोजला १८२६ मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात, कोलाडोन आणि स्टुर्म या दोन शास्त्रज्ञांनी. एका होडीतनं पाण्यात बुडवलेली घंटा वाजवायची आणि त्याच वेळी बंदुकीच्या दारूचा जाळ करायचा, साडेतेरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या होडीत जाळ दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा. उत्तर आलं १४३५ मीटर, पाणी ८ अंशाचं. आजच्या आकड्याच्या इतकं जवळ की पोरांना सांगताना मलाच भारी वाटतं. १९१२ ला टायटॅनिक बुडाल्यावर हिमनग शोधायला प्रतिध्वनीचं यंत्र करायचा बऱ्याच जणांनी नाद घेतला, जर्मनीतल्या बेमने १९१३ मध्ये खोली मोजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९२५ ते १९२७ मध्ये 'मेटिओर' नावाच्या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकचा तळ आवाजाने मोजला, तोपर्यंत समुद्राच्या एकेका मापाला वजन बांधलेली दोरी तासनतास सोडत बसायला लागायचं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सण. फक्त कार्ड रिकामं केलं आणि सांडव्यावरच्या सेन्सरची बॅटरी बदलली.

६ एप्रिल, रविवार

सगळ्या रेघा झाल्या. पाणी उतरून जो भाग उघडा पडलाय, भेगाळलेला, तिथं फावड्याने खड्डे घेऊन मुरूम लागेपर्यंत मापं घेतली.

हिशोब साधा ठेवला. प्रत्येक रेघेवर गाळाचा माथा आणि घट्ट तळ असे दोन आलेख काढले, मधलं क्षेत्रफळ काढलं, शेजारशेजारच्या दोन रेघांच्या क्षेत्रफळांची सरासरी गुणिले २० मीटर, आणि सगळ्याची बेरीज. पोरांनी वहीत हाताने केला आणि मी संगणकावर, दोन्ही जुळले. तीन एकराच्या आसपासच्या भागात सरासरी १ मीटर १० सेंटिमीटर गाळ, एकूण १३ हजार घनमीटरच्या आसपास. गावात ब्रासमध्ये कळतं, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर, तर साधारण ४६०० ब्रास. आणि तेवढी जागा मोकळी झाली तर १ कोटी ३० लाख लिटर पाणी जास्त मावेल. तीन फूटवाले सरासरीच्या जवळ होते, आणि धा फूटवाल्या आण्णांच्या बाजूने सांगायचं तर नाल्याच्या तोंडाच्या खाली एका घळीत सळई खरंच नऊ फूट गेलीय.

पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची आकृती बेरजेची नाही, कुठं किती याची आहे. बांधाच्या पायथ्याला गाळ एका ठिकाणी २०-२५ सेंटिमीटरच आहे, तिथं मशिन घालायचं काही कारणच नाही. घट्ट तळ फोडून बांधाच्या पायथ्याशी खोल गेलं की पाणी बांधाखालनं वाट काढतं. आकृतीवर तो पट्टा लाल रंगवला आणि उपअभियंता साहेबांना दाखवला, त्यांनी त्या पट्ट्यावर चुना मारून घ्यायला सांगितलं, त्याच्या आत पोकलेन नाही.

२० एप्रिल, रविवार

गाळ काढायला सुरवात. ट्रॅक्टरच्या रांगा लागल्यात, द्राक्षबागांना आणि माळाच्या मुरमाड रानाला हा काळा गाळ सोन्याच्या मोलाचा. मशिनवाल्या दादांना आकृतीची लॅमिनेट केलेली प्रत केबिनमध्ये लावून दिली. पहिल्या दिवशी त्यांचा विश्वास बसत नव्हता, मग आकृतीत लिहिलेल्या ठिकाणी १ मीटर ३० वर बकेटीला मुरूम लागला आणि तिथून पुढं तेच विचारायला लागले, "हितं किती म्हणतंय तुमचं?"

२२ मे, गुरुवार

पाऊस. मे महिन्यात एवढा पाऊस कुणी धरलाच नव्हता, रोज संध्याकाळी कोसळतोय. नाला वाहायला लागला आणि मशिन बाहेर काढावं लागलं. नाल्याच्या तोंडाकडचा भाग आणि ती घळ राहिली. ट्रॉल्यांच्या वहीत २२०० ब्रासच्या आसपास नोंद आहे.

१३ जुलै, रविवार

तळं बऱ्यापैकी भरलंय, सांडव्याला अजून हातभर कमी. त्याच दगडांवर तीच दोरी ताणून परत मोजणी पूर्ण केली. पाणी २६ अंश, वेग १५००. पाणी गढूळ आहे आणि ते रेघेत दिसतं, तळाच्या वर सगळीकडं बारीक कुरकुर, गाळाच्या तरंगत्या कणांवरनं थोडा थोडा आवाज परत येतोय, तळाचा उंचवटा पण बुटका झालाय. ठरवलेली उंची आंधळेपणाने खाली घेतली असती तर ही कुरकुरच तळ म्हणून नोंदली गेली असती, म्हणून सगळ्या रेघा डोळ्याने बघून खुणा केल्या, वेळ गेला पण खात्री आहे.

दोन्ही मोजण्यांची वजाबाकी, गेलेला गाळ ५२०० घनमीटर, म्हणजे १८४० ब्रास. वहीत २२०० ब्रास. काही जणांनी लगेच ट्रॉलीवाल्यांकडं बघितलं, तर ते आधीच स्पष्ट करतो, यात कुणी काही खाल्लेलं नाही. तळाशी दाबून बसलेला गाळ उकरला की सुटा होतो, फुगतो, पाचवा हिस्सा किंवा त्याच्याही वर आकारमान वाढतं. १८४० चा पाचवा हिस्सा मिळवला की २२०० होतात. यंत्र तळ्यातली जागा मोजतं आणि ट्रॉली फुगलेला गाळ मोजते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन्ही आकडे कारणासकट लिहून लावलेत.

बांधाच्या पायथ्याचा लाल पट्टा जसाच्या तसा आहे, दोन्ही वेळचे आलेख एकमेकांवर ठेवले तर तिथं रेघ हललेली नाही.

आणि नाल्याच्या तोंडाला, जिथं मे महिन्यात काम थांबलं, तिथं एप्रिलच्या मापापेक्षा तळ १२ सेंटिमीटर वर आलाय, बुटका पसरट उंचवटा, थाळी बसते तिथं सळई सहज आत जाते. यंदाच्याच पावसाचा ताजा गाळ. वरच्या रानातनं एवढा एका झपाट्यात येत असेल तर नुसतं तळं उकरून भागायचं नाही, नाल्यावर वरच्या अंगाला अनगड दगडी बांध पाहिजेत. दोन जागा सरांनी आणि पोरांनी चालत जाऊन बघून ठेवल्यात. ग्रामसभेला अर्ज दिलाय, त्याला रेघ क्रमांक सातची एप्रिलची आणि जुलैची आकृती जोडलीय.